भांडुपला भाड्याने, बदलापूरला स्वतःचं, की गिरगावच्या खोलीची वाट?

रातराणी
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज घरमालकीणबाईंचा फोन आला. ॲग्रीमेंट ऑगस्टमध्ये संपतंय, पुढचं काय ठरलं म्हणून. तेव्हा आता लिहितेच.

आम्ही भांडुप पश्चिमेला वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. मी, नवरा, साडेचार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. भाडं २७ हजार, डिपॉझिट एक लाख. नवरा अंधेरीला सीप्झच्या औद्योगिक वसाहतीत, मी फोर्टला. दोघांचा मिळून हातात पगार येतो १ लाख ३५ हजार. आठ वर्षांत १८ लाख साठवलेत, त्यातले तीन माझ्या आईने लग्नात दिलेले.

समोर तीन वाटा आहेत.

एक, बदलापूर पूर्वेला टू बीएचके, ४८ लाखांपर्यंत. हॉल मोठा, खिडकीतून डोंगर दिसतो. मुलगा त्या रिकाम्या घरात नुसता धावत सुटला होता.

दोन, इथेच भांडुपला जुन्या सोसायटीत रिसेलचं वन बीएचके. ८५ लाखांच्या खाली काही मिळत नाही.

तीन, गिरगाव. आजेसासऱ्यांची पागडीची (एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेली) खोली, १८० चौरस फूट, चाळ सेसची, म्हणजे दुरुस्ती-कर भरणारी जुनी इमारत. तिथे आता धाकटे चुलत सासरे राहतात. मोठे काका नालासोपाऱ्याला. आमचे सासरे आता नाहीत. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. दोन बिल्डर येऊन गेले. नवरा म्हणतो तिथे आपलाही हिस्सा आहे, थोडं थांबू.

आणखी एक गोष्ट, पैशाची नाही पण मला महत्त्वाची वाटते. घरचा गणपती गिरगावला काकांकडे बसतो. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांना आपल्या घरी गौरी-गणपती आणायचेत. भाड्याच्या घरात नको म्हणतात, दरवर्षी जागा बदलणारा देव नको. प्रत्येक घर बघून आलो की त्या एवढंच विचारतात, मखर कुठे मांडायचं?

अनुभवी लोकांनी लिहा. सगळं वाचेन.

हिशेबवही
मी बँकेत गृहकर्जाचं काम २६ वर्षं केलं. आधी आकडे मांडू या.

भांडुपचं ८५ लाखांचं घर धरा. ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ६८ लाख. उरलेले १७ तुमचे. वर मुद्रांक शुल्क. मुंबईत ६ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ५. तुमच्या नावावर घ्या, ४ लाख २५ हजार होतील. नोंदणीचे ३० हजार. हे खर्च कर्जात धरत नाहीत, खिशातून जातात. झाले साडेएकवीस लाख, आणि यात एजंट, सोसायटीचं ट्रान्सफर, रंग, पंखे काहीच नाही. तुमच्याकडे १८ आहेत.

आता हप्ता. साडेआठ टक्के आणि २० वर्षं धरली तर लाखाला ८६८ रुपये पडतात. ६८ लाखांना ५९ हजार. त्यातले पहिल्या महिन्यात ४८ हजार व्याजाचे, मुद्दल फिटतं जेमतेम ११ हजार. २७ हजार भाडं भरताना 'पैसे वाया गेले' असं वाटतं ना? मग या ४८ हजारांचाही तसाच विचार करा. मी घर घेऊ नका म्हणत नाही. मी स्वतः घेतलं, आणि त्याच घरात निवृत्त झालो. पण 'भाडं वाया, हप्ता गुंतवणूक' हे वाक्य ऐकून माणसं माझ्या टेबलासमोर बसायची आणि तिसऱ्या वर्षी हप्ते थकवून परत यायची. ते चेहरे अजून आठवतात.

प्राप्तिकराचंही बघा. स्वतः राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. नवीन प्रणालीत ती नाही. बिल्डरचा माणूस टॅक्स वाचेल म्हणेल तेव्हा आपण कुठल्या प्रणालीत आहोत ते आधी आठवा.

एक करून पाहा. आजपासून सहा महिने ५९ हजारांचा हप्ता चालू आहे असं समजा. २७ भाडं द्या, ३२ हजार पहिल्या तारखेला रिकरिंगला टाका. सहा महिने एकदाही मोडावं लागलं नाही, तर हप्ता झेपेल. मोडावं लागलं तर ते आत्ताच कळलेलं बरं.

कुळगावकर
ताई, बदलापुरात नऊ वर्षं राहतोय, म्हणून खरं तेच लिहितो.

चांगलं आधी. सकाळी गच्चीत उभं राहिलं की श्रीमलंगगड दिसतो. पोरं खाली खेळतात. शेजारी विचारपूस करतात. माझ्या पगारात मुलुंडला मोरीसुद्धा आली नसती, इथे दोन खोल्या, हॉल, किचन आहे. आई-वडील सुखात आहेत.

आता प्रवास. तुमच्या मिस्टरांना सीप्झला जायचंय. घरापासून स्टेशन शेअर रिक्षाने २० मिनिटं, गाडीची वाट, घाटकोपरपर्यंत तास-सव्वा तास, मग मेट्रो एकने मरोळ नाका, तिथून मेट्रो तीन. सव्वादोन तास धरा, जाऊन येऊन साडेचार. तुम्हाला फोर्टला तेवढेच. मी सकाळी ५.५० ला घर सोडतो. मुलगी झोपलेली असते. रात्री पोचतो तेव्हा ती जेवून पेंगत असते. ती पाचवीत गेली तेव्हा लक्षात आलं की तिला गणित येत नाही हे मला शाळेतून कळलं, घरातून नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली, जीव गेले. त्या दिवसापासून आईला पोचल्याचा फोन केल्याशिवाय मी जागेवर बसत नाही.

आणि घर घेतलंत तर नदीचा अंदाज घ्या. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, आठवत असेल. त्या रात्री उल्हास नदी हेंद्रेपाड्याच्या सखल भागातल्या इमारतींमध्ये शिरली होती. आमच्या ओळखीच्या काकूंचं तळमजल्यावरचं कपाट, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं गेलं. तळमजला स्वस्त मिळतो त्याचं कारण असतं. पावसाळ्यात येऊन बघा, एप्रिलमध्ये नको.

चौथामाळा
रातराणी, गिरगावबद्दल मी लिहिते. ठाकूरद्वारला चाळीत वाढले आणि पुढे वकिलाच्या ऑफिसात हीच कामं केली. कडू वाटेल, पण लिहिणं भाग आहे.

पागडीची खोली म्हणजे मालकीची खोली नव्हे. ती भाडेकरूची जागा आहे, मालमत्तेसारखी वारसात आपोआप वाटली जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधलं कलम ७(१५) बघा. राहत्या जागेचा भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. असा कोणीच नसेल तर वारसांचा प्रश्न येतो. १९४७ च्या जुन्या कायद्यातही रचना अशीच होती. आता मला सांगा: आजेसासरे कधी गेले, आणि तेव्हा तुमचे सासरे कुठे राहत होते?

रातराणी
आजेसासरे १९९६ मध्ये गेले. सासरे १९८८ लाच कंपनीच्या क्वार्टरमध्ये भांडुपला आले होते. धाकटे काका तिथेच होते. पावती अजून आजेसासऱ्यांच्याच नावाने येते.

चौथामाळा
मग कायद्याच्या अंगाने बाजू काकांची भक्कम आहे. पावती कोणाच्या नावाने येते त्यापेक्षा तेव्हा तिथे राहत कोण होतं हे कोर्ट बघतं. काका मनाने देतील ते वेगळं, आणि ते घरात बसून, प्रेमाने बोलायचं. चांगल्या वकिलाला कागद जरूर दाखवा, पण त्या खोलीवर तुमचं बजेट बांधू नका.

दुसरं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ते फोटो पाहून गिरगावात प्रत्येकाला वाटतं, आता आपलं. पण बीडीडी सरकारी, तिथे म्हाडा, म्हणजे सरकारचंच गृहनिर्माण प्राधिकरण, काम करतेय. तुमची चाळ खाजगी मालकाची. तिथे सेसच्या चाळींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, ३३(७) खाली, जायचं तर मालक, बिल्डर, भाडेकरूंची संमती, म्हाडाची एनओसी हे सगळं जुळावं लागतं. किमान ३०० चौरस फूट मिळतात, तेही एका भाडेकरूला एक घर. तीन भावांना तीन नाही. १८० च्या जागी ३०० झाले तरी ते घर काकांच्या कुटुंबाचंच.

आमच्या चाळीत चौथ्या मजल्यावर चार भावांत याच आशेवरून बोलणं बंद झालं. बिल्डर आलाच नाही. चौघांपैकी दोघे गेले. जिन्यात भेटले तरी एकमेकांकडे न बघता जायचे, ते मी लहानपणापासून पाहिलंय. म्हणून जीव तोडून सांगतेय.

निवांत
+१. आमच्याकडेही हेच झालं.

पझेशन
नवीन बांधकामाकडे वळणार असाल तर माझं वाचा.

२०१४ मध्ये ठाण्यापलीकडे एका प्रकल्पात बुक केलं. २०१८ ला ताबा देणार होते. मिळाला २०२२ च्या दिवाळीनंतर. चार वर्षं हप्ता आणि भाडं दोन्ही. बायकोने नोकरी बदलायची ठरवली होती, नाही बदलली. दुसरं मूल पुढे ढकललं, ते राहूनच गेलं. यावर कोणाकडून भरपाई मागणार?

आता रेरा आहे, घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. महारेरा १ मे २०१७ पासून. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याज मागता येतं, नको असेल तर पैसे व्याजासकट परत. हे सगळं चांगलंच आहे, पण नुसत्या रेरा नंबरवर विसंबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. परवानगीचे कागदच बनावट आणि त्यावर रेरा नोंदणी. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पाडायला सांगितलं. लोकांनी कर्ज काढून, बँकेने मंजूर केल्यावर घेतलेली घरं होती ती. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ इमारती पाडल्या, शाळेच्या परीक्षा तोंडावर असताना. म्हणून नगररचना विभागात स्वतः जा, सीसी, म्हणजे बांधकामाची परवानगी, खरी आहे का विचारा. एक रजा पडेल, पडू दे.

माझं मत, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हातात असलेलं घर घ्या. त्यावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांत बसत असेल तर १.

अकरामहिने
रातराणी, मी दुसऱ्या बाजूने लिहितो. ११ वर्षांत आठ घरं बदलली, आणि मी मुंबईत घर घेणार नाही हे ठरवून राहतो.

त्रास आहे. दर वेळी एजंटला एक महिन्याचं भाडं. 'मांसाहार करता का' हा प्रश्न मराठी आडनाव ऐकल्यावर येतो, आणि आपल्याच शहरात सुकट भाजायला घाबरून राहायचं ही गोष्ट मला आजही टोचते. दोन ठिकाणी त्यावरून नकार आला. भिंतीला खिळा मारू देत नाहीत.

पण दोघांचीही ऑफिसं माझ्या घरापासून अर्ध्या तासात राहिली, नेहमी. संध्याकाळी साडेसहाला मी मुलीला घेऊन मैदानात असतो.

अकरा महिन्यांचंच ॲग्रीमेंट केलं पाहिजे असं नाही. लीव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंतचं करता येतं. लेखी आणि नोंदणीकृत लागतं, ते तर अकरा महिन्यांनाही लागतंच. मालकीणबाई चांगल्या असतील तर ३६ महिन्यांचं करा, दरवर्षीची ५ टक्के वाढ लिहून घ्या, आणि लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीत करार मोडायचा नाही ही अट, दोन्ही बाजूंना असू द्या. त्यांनाही दर वर्षी नवा भाडेकरू शोधायचा ताप नसतो.

सासूबाईंसाठी एक. आमच्या आठही घरांत दीड दिवसाचा गणपती बसला. एका घरात हॉलच नव्हता, किचनच्या ओट्यावर पाट मांडला. आई म्हणायची, गणपती घराला नाही, घरातल्या माणसांना भेटायला येतो. ती गेली त्या वर्षी सुतक होतं म्हणून बसला नाही. बाकी एकही वर्ष चुकलं नाही.

कुळगावकर
हे वाचून गलबलून आलं.

सोडतपत्र
म्हाडाच्या घरांच्या सोडतीचा अर्ज भरता का? मला २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत घर लागलं, पाचव्या खेपेला. घरं ४,०८२ आणि अर्ज लाखाच्या वर, तेव्हा आशा ठेवा पण विसंबू नका. पुढच्या वर्षी घरं २,०३० होती.

उत्पन्न नवरा-बायकोचं एकत्र धरतात. मुंबई महानगरात वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम. तुमचे हातातलेच १६ लाख होतात, म्हणजे उच्च उत्पन्न गट. त्या गटातल्या मुंबईतल्या घरांच्या किमती बाजाराच्या फार खाली नसतात, हे माझ्या मेहुण्याने बघितलंय. कोकण मंडळाकडे नजर ठेवा, विरार-बोळींजची घरं सोडतीनंतरही बरीच शिल्लक होती. अधिवास प्रमाणपत्र आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सगळीकडे रांगा. घर लागलं तर पाच वर्षं विकता येत नाही.

सिंकिंगफंड
मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, तेव्हा रिसेलबद्दल. माणसं टाइल्स बघतात, मॉड्युलर किचन बघतात. तुम्ही कमिटीला भेटा.

इमारतीला ओसी आहे का. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का. हे नसेल तर पुढे रिडेव्हलपमेंटला जमीनमालक आडवा येतो. विकणाऱ्याच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट. पहिल्या खरेदीपासूनची सगळी ॲग्रीमेंट्स, मधला एक कागद हरवला तर बँक अडते. मेंटेनन्सची थकबाकी. इमारत ३० वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, अहवाल मागून वाचा. आणि पाऊस पडून गेल्यावर वरच्या मजल्यावर जाऊन छताला हात लावून बघा.

चटई क्षेत्र स्वतः टेपने मोजा. रेरात बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती चटई क्षेत्रात येत नाहीत. जुन्या घरांना एजंट अजून 'बिल्टअप' सांगतात. 'साडेपाचशेचं' म्हणून दाखवलेलं घर मी ३७० भरलेलं पाहिलंय.

आणि 'लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार' म्हणून जास्त किंमत मागत असतील तर हात आखडा. गेलीच तर तीन-चार वर्षं सासूबाईंना आणि मुलाला घेऊन पुन्हा भाड्यानेच राहायचंय.

गावाकडचा
मुंबई सोडायचा विचार केलात का? आम्ही २०२१ मध्ये चिपळूणला परतलो. पैसा निम्मा झाला. जुलै २०२१ चा पूरही बघितला, घरात छातीभर पाणी. तरी परत जावंसं वाटलं नाही. एवढंच.

रातराणी
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये बरंच झालं.

गिरगावला गेलो. चौथामाळा, तू लिहिलेलं नवऱ्याला वाचायला दिलं होतं. दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, मी स्वतः काकांशी बोलतो. हिश्शाची गोष्ट काढलीच नाही. पावती तुमच्या नावावर करून घ्या, लागेल तिथे सही देतो, असं सांगितलं. काका काही बोलले नाहीत. निघताना गॅलरीत बराच वेळ उभे होते. काकूने मला पुन्हा वर बोलावून कोकमाची बाटली दिली.

बदलापूर नाही. नवऱ्याने एक आठवडा तसा प्रवास करून पाहिला, तिथल्या मित्राकडे राहून. गुरुवारी रात्री फोनवर मुलगा म्हणाला, बाबा तू कुठल्या गावाला गेलायस? नवरा शुक्रवारी संध्याकाळी सामान घेऊन घरीच आला. कुळगावकर, तुमचं गणिताबद्दलचं वाक्य आम्ही दोघं विसरणार नाही.

भांडुपचं घर आत्ता नाही. साडेतीन लाख कमी पडतात, ते उसने घेऊन सुरुवात करायची नाही असं ठरलं. हिशेबवही काका, ३२ हजारांचं रिकरिंग माझ्या नावाने उघडलं. पहिला हप्ता गेला. तीन वर्षांत व्याजासकट साडेबारा लाखांच्या आसपास होतात. भाव तोवर वाढतील हे माहीत आहे. म्हाडाचा अर्जही दर वेळी भरणार. मालकीणबाईंशी ३६ महिन्यांचं बोलणं झालं, दरवर्षी ५ टक्के वाढ, लॉक-इन दोघांनाही. पुढच्या आठवड्यात नोंदणी.

आता सासूबाईंचं. अकरामहिने, तुमच्या आईंचं ते बोलणं मी त्यांना रात्री वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई भाडं न्यायला आल्या तेव्हा सासूबाईंनी चहा दिला आणि स्वतःच विचारलं, गणपती आणला तर चालेल का, भिंतीला खिळा मारणार नाही. मालकीणबाई म्हणाल्या, खिळा मारा की, आणि गौरी जेवायच्या दिवशी मला बोलवा.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी हॉलचा पूर्वेचा कोपरा मोजला. टीव्ही बेडरूममध्ये जाणार.

तर शेवटचा प्रश्न. भांडुप ते मुलुंडच्या पट्ट्यात शाडूची, फूटभर उंचीची, हातात मोदक असलेली मूर्ती कोणाकडे चांगली मिळते? नाव नोंदवायला आषाढातच जायला हवं ना?

सिंकिंगफंड
हो, आषाढातच. उशिरा गेलीस तर पीओपीच्याच उरतात. आमच्याकडची मूर्ती मुलुंड पूर्वेहून येते, पत्ता तुझ्या विपूत (विचारपुशीत) टाकते. पाट घेऊन जा म्हणजे माप चुकणार नाही.